यादीबाहेरची माणसे

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

आकड्यांना काळीज नसते, असे कला शाखेत फार आवडीने बोलले जाते. आपल्या वार्षिकाचे जुने अंक चाळले तर कवितेत, ललित लेखात, एवढेच काय पण निरोप समारंभाच्या वृत्तान्तातसुद्धा हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात भेटते. विज्ञान शाखेच्या इमारतीकडे बोट दाखवून 'ती मंडळी माणसाचा आकडा करतात, आम्ही आकड्यातला माणूस शोधतो' असे कोणी वक्तृत्व स्पर्धेत म्हणाले की टाळ्या ठरलेल्या. मला अलीकडे या टाळ्यांचा कंटाळा येऊ लागला आहे, आणि त्याला कारण झाले आहेत पॅट्रिक बॉल नावाचे एक अमेरिकन गृहस्थ.

बॉल शिक्षणाने समाजशास्त्रज्ञ. म्हणजे आपल्याच बिरादरीतले. मिशिगन विद्यापीठाची समाजशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी १९९८ साली मिळवली. आज ज्याला डेटा सायन्स म्हणतात आणि ज्याच्या नावाने खाजगी महाविद्यालयांचे फलक चौकाचौकांत झळकतात, त्याच विद्येत त्यांची हयात गेली. पण त्यांनी ती साबण खपवण्यासाठी वापरली नाही, निवडणुका जिंकून देण्यासाठीही नाही. गेली तीसहून अधिक वर्षे हा माणूस मेलेल्यांची मोजदाद करतो आहे. ज्यांना लष्कराने मारले, पोलिसांनी नाहीसे केले, बंडखोरांनी गावाबाहेर नेऊन संपवले आणि ज्यांची नोंद कुठल्याच सरकारी वहीत झाली नाही, त्यांची मोजदाद.

सुरुवात झाली १९९१ साली, एल साल्वादोरमध्ये. मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश तेव्हा यादवी युद्धाच्या बाराव्या वर्षात होता. त्या युद्धात सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. तिथल्या एका मानवी हक्क संघटनेकडे हजारो जबान्या पडून होत्या. कोणाचा मुलगा नेला, कोणाचा नवरा मारला, कोणाच्या घराला आग लावली. जबान्या सगळ्या खऱ्या, सगळ्या हृदयद्रावक. पण गठ्ठ्यांत बांधलेल्या. तिशीही न गाठलेल्या बॉल यांनी संगणकावर दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्या. एकीकडे या जबान्या : कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या पलटणीने काय केले. दुसरीकडे लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या-बढत्यांचा इतिहास : कोणता अधिकारी कोणत्या काळात कोणत्या पलटणीचा प्रमुख होता. दोन्ही जुळवल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावापुढे त्याच्या हाताखाली घडलेल्या कृत्यांचे खाते तयार झाले. खतावणीच ती! वाण्याच्या दुकानात उधारीची असते तशी. १९९३ साली सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि तो आल्यावर काही दिवसांतच तिथल्या संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा करून टाकला. हा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो २०१६ साली. तेवीस वर्षे खतावणी थांबली, पण ती कोणाला फाडून टाकता आली नाही.

या कामातून बॉल यांनी एक साधा वाटणारा धडा घेतला व पुढे त्यावर एक पुस्तकही लिहिले. 'कोणी, कोणाला, काय केले' हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे. आपल्याला वाटते यात काय मोठेसे? पण एखादी बाई जबानीला बसते तेव्हा ती एका मृत्यूविषयी बोलत नसते. नवऱ्याला आधी मारहाण झाली, मग कोंडले, मग तो दिसला नाही. दिराला त्याच दिवशी नेले, पण तो परत आला. नेणारे काही शिपाई होते, काही साध्या वेशातले. आता कार्यालयात बसलेला कारकून याचे 'एक प्रकरण' करतो. एका प्रकरणात एक मयत, एक गुन्हा, एक आरोपी. झाले! दिराचा छळ कागदावरून पुसला गेला आणि साध्या वेशातले लोक तर जन्मालाच आले नाहीत. आकड्यांना काळीज नसते असे आपण म्हणतो तेव्हा खरे म्हणजे आपण या कारकुनाविषयी बोलत असतो. नीट मोजणारा माणूस त्या बाईचे प्रत्येक वाक्य वेगळे ठेवतो. तिचे म्हणणे याहून जास्त लक्ष देऊन ऐकायचे ते आणखी कसे, हे मला तरी कोणी सांगावे.

मात्र जबान्या कितीही गोळा केल्या तरी एक प्रश्न उरतोच. जे जबानी द्यायला आलेच नाहीत त्यांचे काय? ज्या घरात जबानी द्यायलाही कोणी शिल्लक राहिले नाही, त्या घराचे काय?

इथे जी युक्ती उपयोगी पडते ती मला इतकी आवडली आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाणे कठीण. समजा, गावच्या तळ्यात मासे किती हे काढायचे आहे. शंभर मासे पकडा, खूण करून सोडून द्या. चार दिवसांनी पुन्हा जाळे टाका. या खेपेच्या शंभरांत वीस खुणेचे निघाले, तर पहिल्या दिवशी आपण तळ्यातल्या माशांचा पाचवा हिस्सा पकडला होता असे धरायला हरकत नाही. म्हणजे तळ्यात पाचशेच्या आसपास मासे. माशांच्या जागी आता मृतांच्या याद्या ठेवा. एक यादी चर्चने केली, दुसरी एखाद्या संघटनेने. दोन्ही याद्यांत तीच तीच नावे येत असतील तर बहुतेक मृत आपल्याला ठाऊक झाले. पण नावे फारशी जुळतच नसतील, तर समजावे की दोन्ही याद्यांच्या बाहेर, अंधारात, पुष्कळ माणसे आहेत. यात खाचखळगे आहेत. चर्चकडे जाणारा संघटनेकडे जाणार नाही, असेही असते. म्हणून दोन याद्यांवर भागत नाही, तीन-चार लागतात आणि गणितही अवघड होते. पण मूळ कल्पना तळ्याचीच.

ही युक्ती माणसांना लावण्याचे मोठे श्रेय एका भारतीयाकडे जाते, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. १९४९ साली सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात जन्ममृत्यूची सरकारी नोंद आणि घरोघर जाऊन केलेली नोंद ताडून पाहून, दोन्हींतून निसटलेले जन्म आणि मृत्यू किती असतील याचा अंदाज त्यांनी बांधला होता. हे चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या-अभ्यास केंद्राचे संचालक झाले. आज देवनारला जी संस्था आहे तिचेच ते पूर्वरूप. बंगालच्या खेड्यातली तान्ही मुले मोजण्यासाठी काढलेले सूत्र अर्ध्या शतकानंतर ग्वातेमालाच्या डोंगरातले मुडदे मोजायला उपयोगी पडले. ज्ञानाचा प्रवास असा असतो.

ग्वातेमालाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. तिथे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. त्यानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली वा नाहीशी केली गेली आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांनी केलेले होते. या दोन लाखांच्या अंदाजामागे बॉल यांचे काम होते. आयोगाची, चर्चची आणि एका संशोधन केंद्राची अशा तीन याद्या त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या.

पण खरी परीक्षा झाली २०१३ साली. माजी हुकूमशहा जनरल रिओस माँट यांच्यावर तिथल्याच न्यायालयात वंशसंहाराचा खटला उभा राहिला. इशिल नावाच्या माया जमातीच्या स्त्री-पुरुषांनी आपल्या भाषेत, दुभाषाच्या मदतीने, तीस वर्षांपूर्वीचे जे काही सांगितले ते मी येथे लिहीत नाही. ज्याला वाचवत असेल त्याने वाचावे. बचाव पक्षाचे म्हणणे ठरलेले होते : युद्ध होते, युद्धात माणसे मरतात. हे म्हणणे जबानीने खोडता येत नाही. एका बाईचे गाव जळले हे खरे. पण सगळीच गावे जळत नव्हती कशावरून? येथे बॉल साक्षीला उभे राहिले. इशिल भागातल्या तीन तालुक्यांत एप्रिल १९८२ ते जुलै १९८३ या काळात लष्कराने मूळ रहिवासी इंडियन लोकांपैकी ५.५ टक्के लोक मारले. त्याच तालुक्यांतल्या इतर लोकांपैकी ०.७ टक्के. तेच डोंगर, तेच युद्ध, तेच सैनिक. पण एकाच्या वाट्याला दुसऱ्याच्या आठपट मरण. गोळी आंधळी असती तर असे झाले नसते.

१० मे २०१३ रोजी रिओस माँट यांना ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. दहाच दिवसांत तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर ती रद्द केली. फेरखटला रेंगाळला आणि एप्रिल २०१८ मध्ये, एक्याण्णव वर्षांचे होऊन, आरोपी आपल्या घरी वारले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यायालयाने वंशसंहार घडला होता हे मान्य केले, मात्र समोर उभ्या असलेल्या आरोपीला, माँट यांच्या गुप्तवार्ता प्रमुखाला, निर्दोष सोडले. गुन्हा सिद्ध, गुन्हेगार नाही! आकड्यांच्या ताकदीविषयी ज्यांना भाबडा उत्साह आहे त्यांनी हा निकाल जरूर ध्यानात ठेवावा.

त्याच देशातली आणखी एक हकिकत. २००५ साली ग्वातेमालाच्या राष्ट्रीय पोलिसांचे एक विसरलेले दप्तर सापडले. पाने सुमारे आठ कोटी. ओलीने भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली. आठ कोटी पाने वाचायला किती पिढ्या लागतील? बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना-पाहणी लावली, म्हणजे भाताची चार शिते चेपून पाहावी तसे. एडगर फर्नांदो गार्सिया हा कामगार चळवळीतला तरुण विद्यार्थी १९८४ साली दिवसाढवळ्या नाहीसा झाला होता. पोलीस खात्यात कागद वरून खाली आणि खालून वर कसे फिरत, याचा अंदाज त्या नमुन्यावरून बांधून संख्याशास्त्रज्ञ डॅनिएल गुझमान यांनी २०१० साली न्यायालयात साक्ष दिली. दोन पोलिसांना चाळीस-चाळीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१३ साली तेव्हाच्या पोलीस प्रमुखांनाही झाली. त्या खटल्यात बॉल स्वतः साक्षीला होते. ज्याने कागद जपून ठेवला त्या अनाम कारकुनाला, वरती ज्याला मी नावे ठेवली त्याच्या या भाऊबंदाला, माझा नमस्कार.

कोसोव्होची हकिकत थोडक्यात सांगतो. मार्च २००२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे बॉल यांनी मिलोशेविच यांच्याविरुद्ध साक्ष दिली. मिलोशेविच आपला बचाव स्वतःच करीत होते. उलटतपासणीही त्यांनीच घेतली. १९९९ सालच्या मार्च ते जून या सुमारे तीन महिन्यांत कोसोव्होतले १०,३५६ अल्बेनियन मारले गेले, असा बॉल यांच्या गटाचा अंदाज होता. अर्थात खरा आकडा नऊ हजारांपासून बारा हजारांपर्यंत कुठेही असू शकतो हेही त्यांनी सोबतच सांगितले होते. माणसे पळाली ती नाटोच्या बॉम्बमुळे, अशी बचावाची बाजू. बॉल यांनी अल्बेनियाच्या सीमारक्षकांनी हाताने लिहिलेल्या नोंदी घेतल्या. कोणत्या दिवशी किती माणसे कोणत्या गावाहून आली ते पाहिले, बॉम्ब कुठे आणि केव्हा पडले तेही पाहिले. दोन्हींचा मेळ बसेना. हत्या आणि पलायन मात्र एकाच लयीत चढत-उतरत होते. सरकारी फौजांनी लोकांना हुसकले या म्हणण्याशी ते जुळणारे होते. निकाल लागण्यापूर्वीच, २००६ साली, मिलोशेविच कोठडीत वारले.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा माणूस म्हणजे सरकारांच्या विरोधात आकडे शोधणारा एक डावा कार्यकर्ता. तसे म्हणणाऱ्याने पेरूकडे पाहावे. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली मृतांचा अंदाज ६९,२८० दिला. त्याआधी सर्वसाधारण समजूत याच्या निम्म्याहूनही कमी आकड्याची होती. आणि सर्वांत जास्त माणसे मारणारे कोण निघाले? लष्कर नव्हे, 'शायनिंग पाथ' हे माओवादी बंडखोर! मानवी हक्कांच्या चळवळीतल्या अनेकांना हा निष्कर्ष गिळायला जड गेला. बॉल यांनी तो बदलला नाही. पुढे २०१९ साली सिल्व्हिओ रेंडॉन या अर्थशास्त्रज्ञाने पद्धतीवर आक्षेप घेऊन आकडा अठ्ठेचाळीस हजारांवर आणला आणि अधिक वाटा सरकारी फौजांचा ठरवला. बॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला छापील उत्तर दिले. हा वाद मला कमीपणाचा वाटत नाही. ज्या आकड्याशी भांडता येते तोच आकडा कामाचा. देवळातल्या मूर्तीसारखा नुसता नमस्कार घेणारा आकडा मला संशयास्पद वाटतो.

'परदेशात जाऊन दुसऱ्यांची प्रेते मोजणारा अमेरिकन' असेही त्यांना हिणवता येईल. मीही आधी थोडे तसेच पाहत होतो. पण २०१६ साली त्यांनी 'ग्रँटा' या नियतकालिकात आपल्या देशाविषयी लिहिले : अनोळखी माणसाच्या हातून मारल्या जाणाऱ्या अमेरिकनांपैकी सुमारे एकतृतीयांश पोलिसांच्या हातून मारले जातात, असा त्यांचा अंदाज होता. स्वतःच्या अंगणात केर काढणारा माणूस दुसऱ्याच्या अंगणाविषयी बोलू शकतो.

आता यंत्राकडे वळू. कारण 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द उच्चारल्याशिवाय हल्ली परिसंवाद होत नाही, आणि तो उच्चारून झाल्यावर बहुतेक परिसंवादांत दुसरे काही होत नाही. बॉल यांची संस्था, मानवी हक्कांच्या आकडेशास्त्राचा एक छोटा गट, हे यंत्र रोज वापरते. सीरियातल्या यादवीत सात वेगवेगळ्या याद्यांमध्ये मिळून १,४७,३४९ नोंदी होत्या. तोच मृत चार याद्यांत चार तऱ्हांनी लिहिलेला. वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही. तारीख एका दिवसाने पुढे-मागे. अरबी जाणणाऱ्या माणसाने काही जोड्या हाताने तपासायच्या आणि 'हे दोघे एकच', 'हे दोघे वेगळे' असे यंत्राला शिकवायचे; मग उरलेला डोंगर यंत्राने उपसायचा. संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या या कामात, मार्च २०११ ते नोव्हेंबर २०१२ या काळातले ५९,६४८ मृत निघाले. आणि अहवालातच बजावले होते की हे फक्त नोंद झालेले मृत आहेत. हिंसा वाढते तेव्हा नोंद करणाराही पळतो किंवा मरतो. यादी आखूड झाली म्हणजे मरण कमी झाले असे नव्हे. कित्येकदा नेमके उलटे.

हे ज्याला उमगले तो पोलिसांच्या यादीकडेही वेगळ्या नजरेने पाहतो. त्याच संस्थेतल्या क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६ साली एक प्रयोग केला. गुन्हा कुठे घडेल हे आधी सांगणारी संगणक-प्रणाली 'प्रेडपोल' या कंपनीने अमेरिकेतल्या अनेक शहरांत विकली होती. त्या प्रणालीचे प्रसिद्ध झालेले सूत्र घेऊन त्यांनी ओकलंड शहराच्या अमली पदार्थांविषयीच्या पोलीस-नोंदी त्यात घातल्या. राष्ट्रीय पाहणीवरून दिसत होते की अमली पदार्थ घेणारे सगळ्या शहरात थोडेबहुत सारखेच पसरलेले आहेत. यंत्राने मात्र पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांत धाडले असते, जिथे ते आधीपासून जात होते. आणि काळ्या लोकांच्या वाट्याला हे 'लक्ष' गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आले असते. यात यंत्राने लबाडी केली नाही. त्याला गुन्हे दाखवलेच नव्हते, पोलिसांची पावले दाखवली होती. ते पावले मोजत बसले. ज्या वस्तीत पोलीस जातो तिथे नोंद होते, नोंद झाली की यंत्र तिथे बोट दाखवते, बोट दाखवले की पोलीस पुन्हा जातो. घाण्याचा बैल! सांताक्रूझ हे ही प्रणाली आधी घेणाऱ्या शहरांपैकी एक. २०२० साली त्याने तिच्यावर बंदी घातली.

म्हणजे यंत्र वाईट? असा सोपा निष्कर्ष काढायला माझी तयारी नाही. याच संस्थेने मेक्सिकोतल्या दोन संस्थांबरोबर दुसरे एक भाकित केले : कोणत्या भागात अजून न सापडलेल्या गुप्त दफनभूमी असण्याचा संभव आहे. तिथे हजारो आया आपल्या बेपत्ता मुलांना शोधत कुदळ-फावडे घेऊन रानोमाळ हिंडतात. आता दोन्ही भाकिते शेजारी ठेवा. विद्या एकच. मेक्सिकोत यंत्र चुकले तर काही माणसे रिकामी जमीन खणतील, दमतील, घरी येतील. ओकलंडमध्ये यंत्र चुकले तर काही न केलेला एक पोरगा रस्त्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहील. चुकीची किंमत कोण चुकवतो, या एका प्रश्नाने यंत्रांची पारख करावी असे माझे मत आहे. आणि हा प्रश्न गणिताचा नाही. तो आपल्या शाखेचा आहे.

मित्रहो, ओकलंड फार लांब आहे असे समजू नका. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच चोर! तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातली सवय कायद्याबरोबर रद्द होत नसते. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले आहे, काहींना ते अभ्यासाला होते. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे सांगायला मला आकडेवारी लागत नाही. ज्याला लागत असेल त्याने बसस्थानकाबाहेर फुगे विकणाऱ्या कोणत्याही पारधी बाईला विचारावे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी 'मार्व्हल' ही यंत्रणा उभी केली. तपास लवकर लागावा, गुन्ह्याचा अंदाज आधी यावा, असे तिचे हेतू सांगितले गेले. हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. पण शंभर-दीडशे वर्षे ज्यांच्याच पालावर गाडी गेली, त्यांचीच नावे जुन्या नोंदीत दाटीने असणार. आणि या नोंदी यंत्राला शिकवल्या तर १८७१ चा कायदा कोणत्याही विधिमंडळात न मांडता परत येईल. इंग्रजाच्या कायद्याविरुद्ध निदान मोर्चा काढता येत होता. 'संगणकाने सांगितले' याच्याविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा?

नोंदी उलटही बोलू शकतात, जर त्या कोणी धीराने वाचल्या तर. पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणारे जसवंतसिंग खालरा स्मशानांच्या दप्तरापर्यंत पोहोचले. बेवारस म्हणून किती प्रेते जाळली, त्यांना किती लाकूड लागले, याच्या नोंदी तिथे होत्या. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालरांना घरासमोरून उचलून नेले गेले, ते परत आले नाहीत. २००५ साली या प्रकरणी सहा पोलीस दोषी ठरले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांतली २,०९७ प्रेते आली. २००९ साली बॉल यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी 'इन्साफ' या संस्थेबरोबर पंजाबच्या याच काळाचा आकडेवारीने अभ्यास प्रसिद्ध केला. लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्याला आपण पुरावा लिहीत आहोत हे ठाऊकही नसेल.

मला आकडेशास्त्र येत नाही. पदवीच्या तीन वर्षांत संशोधन पद्धतीच्या पेपरात मध्य आणि मध्यक काढायला शिकलो तेवढेच, आणि तेही परीक्षेपुरते. पण मला वाटते, आपल्या विभागाने हा पेपर 'नापास करणारा पेपर' म्हणून टाळण्याऐवजी तिथेच जास्त वेळ द्यावा. बॉल यांनी आधी माणसांचे बोलणे ऐकले व मग ते ऐकणे नीट व्हावे म्हणून संगणक शिकून घेतला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इंजिनियर झालेला माझा मावसभाऊ पुण्यात यंत्राला शिकवण्यासाठी 'डेटा साफ' करतो. साफ करताना काय काढून टाकतोस, असे मी दिवाळीत त्याला विचारले. ज्यांची माहिती अपुरी आहे त्या ओळी, असे त्याने सहज सांगितले. अपुरी माहिती कोणाची असते हे त्याला कोणी शिकवले नाही. तो समाजशास्त्राचा भाग झाला.

आता एक व्यवहारातली सूचना करतो. गेल्या जानेवारीत आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दत्तक गावची पाहणी केली. वरच्या वस्तीत दारोदार कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेलेली, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. छापील तक्त्यात 'कुलूप' असा रकाना नव्हता. आम्ही समासात पेन्सिलीने 'कु.' असे लिहीत गेलो. अहवालात गावची सरासरी जमीन, सरासरी शिक्षण, शाळेत जाणारी मुले हे सगळे आले आणि ते सगळे घरी असणाऱ्यांचे होते. शेजारणींनी तोंडी सांगितलेली माहिती, कोणाच्या घरात म्हातारी एकटी मागे राहिली आहे, कोणी पोरांनाही बरोबर नेले, हे कुठे लिहायचे ते तक्त्याला ठाऊक नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पुढच्या शिबिराचे तक्ते छापखान्यात जाण्यापूर्वी त्यात तीन रकाने वाढवावेत : घर बंद आहे का, असल्यास कोणी कोणी गेले आहे, आणि हे कोणाकडून कळले. शिवाय एक पाहणी जानेवारीत आणि दुसरी ऊसतोडीहून माणसे परतल्यावर जूनमध्ये करावी. ग्रामपंचायतीचे रजिस्टर, अंगणवाडीताईंची वही आणि मुकादमाकडची उचलीची यादी या तीन याद्या मिळवून ताडून पाहाव्यात. मुकादम यादी देणार नाही असे सर म्हणतात. अंगणवाडीताई मात्र द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे.